राखीव क्वार्टरबॅकला मैदानावर अधिक वेळ मिळायला हवा होता का? टेक्सास, २०२४: यूअर्स आणि मॅनिंग

प्रश्न: रेषेबाहेरचा

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल नियमित पाहणाऱ्या सभासदांची मते हवी आहेत. टेक्सास विद्यापीठाच्या २०२४ च्या हंगामावरून ऑस्टिनमधील आमच्या मराठी मित्रमंडळींत आजही वाद होतो. क्विन यूअर्स पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक असताना त्याच्या मागच्या आर्च मॅनिंगला प्रशिक्षक स्टीव्ह सार्किसियन यांनी खेळायला पुरेसा वेळ दिला की नाही, यावर आमचे एकमत होत नाही.

ज्यांना हा खेळ फारसा परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणे ही जागा एका वेळी एकाचीच असते. राखीव रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा राखीव रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) सामन्यात आलटूनपालटून येत राहतात. राखीव क्वार्टरबॅक मात्र पहिल्याला दुखापत झाली, सामना पार एकतर्फी झाला किंवा प्रशिक्षकांचा धीर सुटला तरच आत येतो. आक्रमणाला १० यार्ड पुढे सरकायला चार चाली मिळतात, त्यांतली प्रत्येक म्हणजे डाउन. चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंतच्या सलग चाली म्हणजे ड्राइव्ह, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला की टचडाउन.

१४ सप्टेंबर २०२४ रोजी यूटीएसएविरुद्ध (टेक्सास विद्यापीठ, सॅन अँटोनियो) यूअर्सच्या पोटाचा स्नायू दुखावला. बदली आलेल्या मॅनिंगने ४ टचडाउन पास फेकले आणि स्वतः ६७ यार्ड धावत जाऊन आणखी एक टचडाउन केले. पुढचे दोन सामने त्यानेच सुरू केले व टेक्सासने दोन्ही जिंकले. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध यूअर्स परतला. त्यानंतरच्याच शनिवारी जॉर्जियाने ऑस्टिनमध्ये येऊन पहिल्या अर्ध्यात टेक्सासची दाणादाण उडवली तेव्हा सार्किसियन यांनी दुसऱ्या क्वार्टरमध्ये यूअर्सला बसवून मॅनिंगला पाठवले, आणि मध्यंतरानंतर पुन्हा यूअर्सलाच आणले. तो सामना टेक्सास ३०–१५ असा हरला. पुढे हंगामभर मॅनिंग अधूनमधून एखाद्या धावण्याच्या चालीपुरता दिसत राहिला. टेक्सास ए अँड एमविरुद्ध चौथ्या डाउनला १५ यार्ड धावून त्याने केलेले टचडाउन त्यांतलेच.

माझा खरा आक्षेप १० जानेवारी २०२५ च्या कॉटन बोलबद्दल, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपान्त्य सामन्याबद्दल, आहे. ओहायो स्टेट २१–१४ ने पुढे होते, सामना संपत आला होता आणि टेक्सास गोलरेषेपासून एका यार्डावर पोचले होते. पहिल्या चालीत काही मिळाले नाही. दुसऱ्या चालीत चेंडू बाजूला टॉस केला आणि ७ यार्ड गमावले. तिसरा पास अपुरा राहिला, आणि चौथ्या डाउनला ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने यूअर्सच्या हातून चेंडू उडवून ८३ यार्ड धावत टचडाउन केले. धिप्पाड, पायात जोर असलेला मॅनिंग तेव्हा रेषेबाहेर उभा होता.

यूअर्सला काढून टाकावे असे माझे म्हणणे नाही. परंतु दर सामन्यात एक-दोन ड्राइव्ह मॅनिंगसाठी आधीपासून ठरवून ठेवल्या असत्या, तर त्या क्षणी त्याला आत पाठवणे हा जुगार वाटला नसता. आपल्याला काय वाटते?

---

उत्तर: तिसरी फळी

आपण दिलेला घटनाक्रम बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

मॅनिंगच्या बाजूने जे आकडे सांगितले जातात ते कोणाविरुद्धचे आहेत हे आधी पाहावे. यूटीएसए आणि लुइझियाना-मनरो हे टेक्सासच्या तोडीचे संघ नव्हेत. मिसिसिपी स्टेटविरुद्ध त्याने ३१ पैकी २६ पास पूर्ण करून ३२४ यार्ड मिळवले, ही कामगिरी देखणी खरीच. परंतु त्या वर्षी मिसिसिपी स्टेटने १२ पैकी अवघे २ सामने जिंकले आणि एसईसी या टेक्सासच्याच गटातला तर एकही नाही. मनरोविरुद्ध पहिल्यांदा सामना सुरू करताना त्याने २९ पैकी १५ पास पूर्ण केले आणि २ इंटरसेप्शन दिली (पास प्रतिस्पर्ध्याने झेलले), हे मात्र त्याच्या चाहत्यांच्या यादीत सहसा नसते. खऱ्या बळकट बचावापुढे तो उभा राहिला तो जॉर्जियाविरुद्ध, आणि तिथे त्याचे दोन ड्राइव्हही धड झाले नाहीत, चेंडूही हातून गेला. हा त्याचा दोष मी मानत नाही. अशा वेळी, तेही आठवडाभर वेगळ्या क्वार्टरबॅकसाठी आखलेल्या योजनेत, कोणालाही टाकले तरी हेच व्हायचे.

आठवडाभर काय चालते याकडे प्रेक्षकांचे लक्ष जात नाही. कॉलेज संघाला सरावासाठी मिळणारे तास नियमाने बांधलेले असतात. पहिल्या फळीच्या लाइनमन (क्वार्टरबॅकपुढची ओळ) आणि रिसीव्हरांबरोबरच्या बहुतेक चाली त्या तासांत पहिल्या क्वार्टरबॅकच्याच वाट्याला जातात, राखीव मुलगा दुसऱ्या फळीबरोबर सराव करतो. चेंडू मागवताना क्वार्टरबॅक जी हाक देतो तिचा ठेका, आवाज आणि थांबण्याची लकब प्रत्येकाची वेगळी असते. आक्रमणाची ओळ त्या हाकेवर सुटते. हाक बदलली की एखादा टॅकल (त्या ओळीतला कडेचा खेळाडू) अर्धा क्षण आधी हलतो आणि ५ यार्डांचा दंड बसतो. रिसीव्हरने वळून पाहायच्या आधी चेंडू सुटलेला असतो, तो किती आधी हेही ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून असते. दर सामन्यात दोन ड्राइव्ह मॅनिंगला द्यायचे म्हणजे दर आठवड्याला यूअर्सच्या सरावातील तेवढा वाटा काढून घ्यायचा. तो कोणत्या चालींमधून काढायचा, हे आपण सांगितलेले नाही.

ठरवून वाटणी करण्याचा प्रयोग १९९९ मध्ये मिशिगनने करून पाहिला होता. प्रशिक्षक लॉइड कार पहिला क्वार्टर टॉम ब्रेडीला, दुसरा ड्रू हेन्सनला द्यायचे आणि मध्यंतराला त्या दिवशीचा बरा वाटेल तो पुढे खेळवायचे. मिशिगन स्टेटविरुद्ध पिछाडी वाढल्यावर ब्रेडीला परत आणले, त्याने सामना जवळ आणला, तरी ३४–३१ अशी हार झाली. त्यानंतर कार यांनी ती वाटणी मोडीत काढली, ब्रेडीच खेळला आणि मिशिगनने त्या मोसमात पुढे ऑरेंज बोल जिंकला. दोघेही उत्तम होते, तरीही वाटणी टिकली नाही.

---

उत्तर: कोलंबसकर

मी ओहायोत राहतो, त्यामुळे सॉयरच्या त्या ८३ यार्डांबद्दल माझ्याकडून तटस्थतेची अपेक्षा ठेवू नये. तरीही या वादात मी अर्धा प्रश्नकर्त्यांच्या बाजूने आहे.

तिसरी फळी यांनी मिशिगनचे उदाहरण दिले, पण तिथे दोन्ही खेळाडू एकाच पद्धतीचे होते आणि दोघांकडून एकच काम अपेक्षित होते. वाटणी टिकते ती कामे वेगळी असतील तेव्हा. २००६ मध्ये फ्लोरिडात क्रिस लीक हाच क्वार्टरबॅक होता, त्याबद्दल संघात कोणाला शंका नव्हती. टिम टीबो पहिल्या वर्षाचा मुलगा. प्रशिक्षक अर्बन मायर त्याला एक-दोन यार्ड हवे असतील तिथे आत आणायचे. सगळ्या स्टेडियमला ठाऊक असायचे की आता हा धावणार, आणि तो धावायचाच. एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट) मात्र गोलरेषेपाशी धावायचा आव आणून, दोन पावले पुढे येऊन, उडी मारता मारता त्याने टचडाउन पास फेकला. त्या एका चालीनंतर उरलेल्या हंगामात प्रत्येक बचावाला दोन शक्यतांचा विचार करावा लागला. जानेवारी २००७ मध्ये फ्लोरिडाने अंतिम सामन्यात आमच्याच ओहायो स्टेटला ४१–१४ असे लोळवले. लीकचे स्थान हंगामभर अबाधित होते आणि टीबोलाही भरपूर खेळायला मिळाले. मॅनिंगसाठी टेक्सासकडे असे ठरलेले काम होते. ए अँड एमविरुद्ध ते चालले आणि नेमके सगळ्यात महाग यार्डासाठी ते वापरले नाही. एवढ्यापुरता प्रश्नकर्त्यांचा आक्षेप मला मान्य आहे.

मान्य नाही तो भाग असा, की आधी ड्राइव्ह दिल्याशिवाय राखीव क्वार्टरबॅक तयार होत नाही. २०१४ मध्ये ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर याचा खांदा ऑगस्टमध्येच गेला, नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनविरुद्ध त्याच्या जागी आलेल्या जे. टी. बॅरेटचा घोटा मोडला आणि तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स पुढे आला. कॉलेजमध्ये त्याने सुरू केलेला पहिलाच सामना बिग टेन या गटाची अंतिम लढत होती, आणि विस्कॉन्सिनविरुद्ध ती ओहायो स्टेटने ५९–० ने जिंकली. मग शुगर बोलमध्ये अलाबामाला ४२–३५, अंतिम सामन्यात ओरेगनला ४२–२०. प्रशिक्षक पुन्हा मायरच. जोन्सला त्याआधी अटीतटीच्या सामन्यातला अनुभव जवळजवळ नव्हता. त्याच्यापुढे भक्कम लाइन होती, मागे इझिकिएल एलियट धावत होता आणि योजना त्याच्या लांब पल्ल्याच्या हाताला धरून आखली होती. राखीव खेळाडू चमकतो तेव्हा सगळे त्याच्याकडे बघतात. मी त्याच्याभोवतीच्या दहांकडे बघतो.

आणि पुढचे वर्षही सांगायला हवे. २०१५ मध्ये जोन्सने हंगाम सुरू केला, बॅरेट तंदुरुस्त होऊन मागे उभा, आणि ऑक्टोबरपर्यंत रोज एकच चर्चा की कोण खेळणार. गोलरेषेजवळ बॅरेट, एरवी जोन्स, अशीही वाटणी झाली. शेवटी जागा बॅरेटकडे गेली. त्या संघातील खेळाडूंची गुणवत्ता पाहता त्या शरद ऋतूत आक्रमण जितके अडखळले तितके अडखळायला नको होते, असे माझे ठाम मत आहे.

---

प्रश्नकर्ते: रेषेबाहेरचा

दोघांचे आभार. कोलंबसकर म्हणतात ते ठरलेले काम मला मान्य आहे, परंतु निव्वळ धावण्यासाठी आत आणलेला क्वार्टरबॅक पास फेकायला शिकत नाही. टीबोचा पुढचा हंगाम उत्तम गेला हे खरे. मॅनिंगला मात्र २०२५ मध्ये पहिल्याच सामन्यात थेट ओहायो स्टेटच्या मैदानावर, कोलंबसला जाऊन खेळावे लागले आणि टेक्सास १४–७ असे हरले. २०२४ मध्ये कठीण बचावापुढे त्याला शे-दीडशे चाली मिळाल्या असत्या तर त्या दिवशी तो वेगळा दिसला असता, असे मला वाटते.

---

उत्तर: कोलंबसकर

त्याच सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये टेक्सास पुन्हा एका यार्डावर होते, चौथा डाउन होता, आणि आपल्याला हवे होते तसेच झाले: मॅनिंगने चेंडू घेऊन स्वतः मधून मुसंडी मारली. आमच्या बचावाने त्याला रेषेच्या अलीकडेच अडवले. एका चालीवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळते, पण कॉटन बोलमध्ये तो आत असता तर टचडाउन झालेच असते, हे गृहीत धरणे आता सोडावे.

---

उत्तर: घाटमाथा

आडनाव वेगळे असते तर हा धागा निघाला असता का? आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय, तिघेही नावाजलेले क्वार्टरबॅक. प्रक्षेपणात यूअर्सचा एक पास चुकला की कॅमेरा बाकाकडे वळायचा. २०२४ मध्ये यूअर्सने ३१ टचडाउन पास फेकले आणि संघाला उपान्त्य फेरीपर्यंत नेले. पीच बोलमध्ये ॲरिझोना स्टेटविरुद्ध जादा वेळेत चौथा डाउन आणि १३ यार्ड हवे असताना त्याने मॅथ्यू गोल्डनला २८ यार्डांचा टचडाउन पास दिला नसता, तर कॉटन बोल आलाच नसता. तो पास मात्र कोणाला आठवत नाही.

---

उत्तर: चौथा डाउन

वरील चर्चेत एक बाजू सुटली आहे. राखीव क्वार्टरबॅकला किती खेळवायचे हा प्रश्न २०१८ पासून नियमांशी बांधला गेला आहे, आणि माझ्या मते आज निर्णय मुख्यतः तिथूनच येतो.

खेळाडूला कॉलेजमध्ये पाच वर्षांत चार हंगाम खेळायची मुभा असते आणि न खेळलेले एक वर्ष राखून ठेवता येते. पूर्वी एका चालीसाठी मैदानावर उतरले तरी ते वर्ष खर्च झाले असे धरत, म्हणून नवख्या मुलाला शेवटच्या पाच मिनिटांसाठीही आत सोडायला प्रशिक्षक कचरत. २०१८ च्या जूनमध्ये चार सामन्यांपर्यंतची सूट मिळाली आणि त्याच शरद ऋतूत ट्रान्सफर पोर्टल (संघ बदलू इच्छिणाऱ्यांची नोंदयादी) सुरू झाले. २०२१ पासून एकदा संघ बदलल्यास वर्षभर बसून राहण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये ‘एकदा’ हा शब्दही गेला. मॅनिंग २०२३ मध्ये अगदी थोडा खेळला, त्याचे वर्ष राखले गेले, हे याच सवलतीमुळे.

२०१८ चा हंगाम या बाबतीत शाळेत शिकवावा इतका स्पष्ट आहे. क्लेम्सनमध्ये केली ब्रायंटने पहिले चारही सामने सुरू केले, चारही जिंकले. त्यानंतर प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी नवख्या ट्रेव्हर लॉरेन्सला जागा दिली. ब्रायंटचे नेमके चार सामने झाले होते. त्याने संघ सोडला आणि आपले वर्ष वाचवले. लगेचच्या शनिवारी सिराक्यूसविरुद्ध लॉरेन्स दुसऱ्या क्वार्टरमध्ये जखमी झाला आणि आदल्या आठवड्यापर्यंत ज्याचे नाव कोणी घेत नव्हते तो चेस ब्राइस आत आला. चौथ्या क्वार्टरमध्ये पिछाडीवर असताना त्याने ९४ यार्डांची ड्राइव्ह नेली. वाटेत चौथा डाउन, ६ यार्ड हवेत, अशा वेळी टी हिगिन्सला अचूक पास दिला आणि सामना २७–२३ ने वाचला. क्लेम्सनने त्या हंगामातले १५ पैकी १५ सामने जिंकले. ब्राइस त्या दिवशी तयार नसता तर ते १४ झाले असते आणि ब्रायंटला का दुखावले म्हणून स्विनींना वर्षभर ऐकावे लागले असते.

त्याच वर्षी अलाबामात उलट घडले. जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात जॉर्जिया मध्यंतराला १३–० पुढे असताना निक सेबन यांनी जेलन हर्ट्सला बसवून नवख्या टुआ टागोवायलोआला आणले आणि अलाबामा जादा वेळेत २६–२३ ने जिंकले. सुरू केलेल्या २८ पैकी २६ सामने जिंकलेला हर्ट्स पुढच्या हंगामात राखीव झाला, पण गेला नाही. सेबन त्याला एकतर्फी सामन्यांत नियमित खेळवत राहिले, आणि तेव्हा आक्रमण गुंडाळून न ठेवता त्याच्याकडून पासही फेकून घेत. (टुआ डावखुरा आणि हर्ट्स उजव्या हाताचा, चेंडू दोघांच्या हातून विरुद्ध दिशेने फिरत येतो, त्यामुळे रिसीव्हरांनाही दोघांची सवय राहणे गरजेचे होते.) १ डिसेंबरला अटलांटात, त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये टुआचा घोटा दुखावला. हर्ट्सने ९ पैकी ७ पास पूर्ण केले, बरोबरी साधली आणि शेवटी १५ यार्ड धावून ३५–२८ असा विजय मिळवला. पदवी हातात आल्यावर तो ओक्लाहोमाला गेला आणि वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला.

आता टेक्सास. २०२३ मध्ये यूअर्स जखमी असताना दोन सामने सुरू करून दोन्ही जिंकणारा मलिक मर्फी हंगाम संपायच्या आत पोर्टलमधून बाहेर पडला, ड्यूकला गेला. म्हणजे वॉशिंग्टनविरुद्धच्या शुगर बोलमध्ये यूअर्सच्या मागे नवखा मॅनिंगच होता. मॅनिंगलाही २०२४ नंतर देशातल्या कोणत्याही संघाने घेतले असते. तो थांबला, याला घरातल्या लोकांचा सल्ला, ऑस्टिनमधील पैसा आणि पुढच्या वर्षी जागा आपलीच आहे ही खात्री, असे बरेच काही कारण असेल. पण मिसिसिपी स्टेटसारखे पूर्ण सामने त्याच्या वाट्याला आले हेही त्यात धरायला हवे. म्हणून माझे मत असे की खेळण्याचा वेळ हे बक्षीस नाही आणि धर्मादायही नाही, पुढील वर्षाची तजवीज आहे. ती एकतर्फी सामन्यांत तिसऱ्या क्वार्टरपासून करावी, पहिल्या फळीची लाइन मैदानावर असताना करावी आणि राखीव मुलाला खऱ्या चाली खेळू द्याव्यात. ४० गुणांची आघाडी असताना सगळी दुसरी फळी उतरवायची आणि क्वार्टरबॅकने फक्त चेंडू रनिंग बॅकच्या पोटात द्यायचा, याला मी खेळवणे म्हणत नाही.

---

उत्तर: तिसरी फळी

चौथा डाउन यांचा तिसऱ्या क्वार्टरचा तोडगा सरावाचा वाटा न कापता अमलात आणता येतो, म्हणून मला तो मान्य आहे. कोलोरॅडो स्टेटविरुद्ध टेक्सास ५२–० जिंकले त्या दिवशी त्याला भरपूर जागा होती. मात्र जॉर्जिया किंवा ओहायो स्टेटसारख्या सामन्यात अशी संधी येत नाही, आणि प्रश्नकर्त्यांना हवी असलेली कठीण बचावापुढची शिकवणी तिथेच मिळते. तिथे ती देण्यासाठी यूअर्सची एखादी ड्राइव्ह काढूनच घ्यावी लागेल. मी प्रशिक्षक असतो तर घेतली नसती.

---

प्रश्नकर्ते: रेषेबाहेरचा

मी घेतली असती, पण एकच: दुसऱ्या क्वार्टरमधली पहिली ड्राइव्ह, गुणफलक काहीही असो. मोसमाच्या पहिल्या सामन्यापासून ती राखीव क्वार्टरबॅकची आहे हे दोघांना, संघाला आणि पत्रकारांना आधीच सांगून ठेवायचे. जॉर्जियाविरुद्ध यूअर्सला बसवले तेव्हा तो अपमान वाटला, कारण ते अचानक झाले. ठरलेली ड्राइव्ह कोणाच्या चुकीची शिक्षा ठरत नाही. सरावासाठी तिच्या १०-१२ चाली आठवड्याच्या आरंभी वेगळ्या काढता येतील. तेवढ्याने यूअर्सचा ठेका बिघडत असेल, तर तो ठेका जानेवारीत तसाही टिकणारा नव्हता. तिसरी फळी यांना हे पटणार नाही याची मला कल्पना आहे. १९९९ च्या मिशिगनमध्ये वाटणी अख्ख्या क्वार्टरची होती आणि मध्यंतराला निवड व्हायची. एका ड्राइव्हपुरती आणि निवड न ठेवता अशी वाटणी कोणी पूर्ण हंगाम चालवलेली असल्यास तिचे उदाहरण कृपया द्यावे.